जबलपूरच्या कचेऱ्या आणि राइट क्लिकचा मेन्यू

संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या फाइलवर माउसची उजवी कळ दाबली की जी लहानशी यादी उघडते, तिला राइट क्लिकचा मेन्यू म्हणतात. कळ फाइलवर दाबली, फोल्डरवर दाबली, निवडलेल्या मजकुरावर दाबली की पडद्याच्या मोकळ्या भागावर, यानुसार त्या यादीतील पर्याय बदलतात. ही यादी संगणकाबरोबर येते आणि बहुतेक वापरकर्ते ती आहे तशीच वर्षानुवर्षे वापरतात; तिच्यातले नको ते काढून टाकता येते आणि हवे ते घालता येते, याची त्यांना कल्पनाही नसते. ज्या कचेरीत त्याच चार-पाच कृती दिवसभरात शेकडो फाइलींवर कराव्या लागतात, तेथे मात्र या अज्ञानाची किंमत मोठी असते, आणि ती रोज, थोडी थोडी, कर्मचाऱ्याच्या वेळेतून आणि मनगटातून वसूल होत असते.

अशा कचेऱ्या एकाच शहरात दाटीने पाहायच्या असतील तर जबलपूरचे उदाहरण घ्यावे लागते, कारण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ तेथे आहे. मराठी वाचकाला या न्यायालयाचे मूळ परके नाही. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूरला सुरू झालेले उच्च न्यायालय मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्या न्यायालयाचा वारसा नव्या मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाकडे, म्हणजे जबलपूरकडे आला. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे खंडपीठे असली तरी बालाघाट आणि छिंदवाडा या महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या जिल्ह्यांतील प्रकरणे जबलपूरलाच जातात, आणि सौंसर-पांढुर्ण्याकडच्या पक्षकाराच्या घरातून निघालेला जुना कागद मराठीत असू शकतो. खालच्या न्यायालयांचे कामकाज हिंदीत, उच्च न्यायालयाचे प्रामुख्याने इंग्रजीत आणि पुराव्याचा एखादा कागद मराठीत, अशा तीन भाषांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये नांदतात.

या फाइलींवर करायचे काम गुंतागुंतीचे नसते, पण ते संपत नाही. स्कॅन केलेली पाने एका पीडीएफमध्ये जोडायची, अनुलग्नकांना क्रम द्यायचा, फाइलीचा आकार कमी करायचा, चित्ररूप पानांतील मजकूर शोधता येईल असा करायचा, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि शपथपत्राचा कोरा नमुना पुन्हा उघडायचा, अशी ही कामे आहेत. ई-फाइलिंग सुरू झाल्यापासून त्यांचा भार वाढला आहे, आणि तो प्रामुख्याने मुन्शी आणि टंकक यांच्यावर पडतो. यातील प्रत्येक कामासाठी वेगळा प्रोग्राम उघडायचा, त्यात फाइल शोधायची, पाच-सहा खिडक्या ओलांडायच्या आणि नवी फाइल मूळ फोल्डरमध्ये परत आणून ठेवायची, ही नेहमीची रीत आहे. फाइल तर डोळ्यांसमोरच असते. तिच्यावरच कळ दाबून काम सांगता आले तर हा सारा फेरा वाचतो.

वस्तूपाशीच आज्ञा मिळावी हा विचार जुना आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या प्रात्यक्षिकात माउस होता आणि त्याला तीन कळा होत्या. सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्मॉलटॉक ही प्रणाली घडत असताना कळ दाबल्याबरोबर दर्शकापाशी, म्हणजे माउसबरोबर पडद्यावर फिरणाऱ्या बाणापाशी, उघडणारा मेन्यू तयार झाला, आणि त्याचे श्रेय डॅन इंगल्स यांना दिले जाते. १९८४ च्या मॅकिंटॉशने मात्र एकच कळ ठेवली. कोणती कळ दाबावी हा संभ्रमच नको, ही त्यामागची भूमिका होती. सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती हा मेन्यू खऱ्या अर्थाने आला तो २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मुळे, आणि १९९७ च्या मॅक ओएस ८ ने कंट्रोल कळ दाबून क्लिक करण्याच्या रूपाने तो स्वीकारला.

हा मेन्यू हाताला इतका सोयीचा का वाटतो, याचे स्पष्टीकरण मानसशास्त्रात आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याचे अंतर आणि त्याचा आकार यांवर ठरतो. राइट क्लिकचा मेन्यू दर्शक असेल तेथेच उघडत असल्याने त्याच्यापुरते हे अंतर जवळजवळ नाहीसे होते. १९५२ मध्ये विल्यम हिक यांनी दाखवून दिले की समोरचे पर्याय जसे वाढतात तसा निवडीचा वेळही वाढतो. या दोन नियमांना एकत्र ठेवले की मेन्यू कसा असावा याचे जवळजवळ पूर्ण उत्तर हाती येते: तो आखूड असावा आणि रोजची कृती त्यात दर्शकाजवळ असावी. प्रत्यक्षात घडते ते उलटेच. संगणकावर नवा प्रोग्राम बसवला की तो न विचारता आपले एक-दोन पर्याय या यादीत घुसवतो. फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम, विषाणूरोधक, चित्रे पाहण्याचा प्रोग्राम, दूरच्या साठवणीशी जोडणारा प्रोग्राम असे करता करता यादी पडद्याच्या उंचीइतकी होते आणि ज्याच्यासाठी ती आहे त्याच्या कामाचे त्यात काहीच उरत नाही. मेन्यूवर हक्क कोणाचा, प्रोग्राम विकणाऱ्याचा की काम करणाऱ्याचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा नाही.

न्यायव्यवस्थेच्या बाबतीत या प्रश्नाला एक अनुकूल बाजू आहे, जी फारशी चर्चेत येत नाही. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट प्रकल्पासाठी मुक्तस्रोत प्रणालींची वाट धरली, न्यायिक अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपसाठी उबंटू लिनक्सची जुळवून घेतलेली आवृत्ती दिली आणि तिच्या वापराचे प्रशिक्षण देशभर घेतले. मध्य प्रदेशात न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची संस्था, म्हणजे राज्य न्यायिक अकादमी, जबलपूरलाच आहे. उबंटूमध्ये फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामचे नाव नॉटिलस असे आहे, आणि त्याचा राइट क्लिकचा मेन्यू बदलण्यासाठी कोणताही नवा प्रोग्राम लागत नाही की प्रणालीच्या अंतरंगात हात घालावा लागत नाही.

त्यातली सर्वांत सोपी सोय 'टेम्प्लेट्स' नावाच्या फोल्डरची आहे. वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमध्ये हा फोल्डर आधीपासून असतो आणि बहुधा रिकामा असतो. त्यात वकालतनाम्याचा, शपथपत्राचा किंवा आदेशपत्रकाचा कोरा नमुना ठेवला की कोणत्याही फोल्डरच्या मोकळ्या जागेवर उजवी कळ दाबताच 'नवा दस्तऐवज' या शीर्षकाखाली तो नमुना दिसू लागतो, आणि निवडला की त्याची प्रत त्याच फोल्डरमध्ये तयार होते. अलीकडच्या आवृत्त्यांत टेम्प्लेट्स रिकामा असेल तर 'नवा दस्तऐवज' हा पर्याय मुळी दिसतच नाही, त्यामुळे ही सोय अस्तित्वात आहे हेच अनेकांना कळत नाही. जुन्या प्रकरणातील शपथपत्र उघडून त्यावरच नवे लिहिण्याची जी सवय कचेऱ्यांमध्ये आढळते, आणि जिच्यामुळे एका पक्षकाराचे नाव दुसऱ्याच्या कागदात राहून जाते, तिला कोऱ्या नमुन्याइतका साधा उपाय दुसरा नाही.

दुसरी सोय अधिक समर्थ आहे. घर-फोल्डरमध्ये लपलेल्या '.लोकल' या फोल्डरच्या आत 'शेअर', त्यात 'नॉटिलस' आणि त्यात 'स्क्रिप्ट्स' असा एक फोल्डर असतो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञा क्रमाने लिहिलेली साधी मजकूर-फाइल. अशी फाइल या फोल्डरमध्ये ठेवून तिला चालवण्याची परवानगी दिली की तिचे नाव राइट क्लिकच्या मेन्यूत 'स्क्रिप्ट्स' या शीर्षकाखाली येते, आणि त्या क्षणी ज्या फाइली निवडलेल्या असतील त्यांचे पत्ते प्रणाली त्या स्क्रिप्टच्या हवाली करते. पीडीएफ जोडण्याचे काम 'पीडीएफयुनाइट' या छोट्या प्रोग्रामकडून अशा रीतीने करवून घेता येते. येथे एक धोका बारकाईने पाहण्यासारखा आहे: हा प्रोग्राम त्याला दिलेल्या नावांपैकी शेवटचे नाव जोडून तयार होणाऱ्या फाइलीचे समजतो आणि त्या नावाची फाइल आधीच असली तर न विचारता तिच्यावर लिहितो. स्क्रिप्टमध्ये नव्या फाइलीचे नाव द्यायचे राहिले तर निवडलेल्या फाइलींपैकी शेवटची नष्ट होईल, आणि ती बहुधा शेवटचे अनुलग्नक असेल. म्हणून नव्या फाइलीच्या नावात तारीख आणि वेळ घालण्याची आज्ञा स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावी, म्हणजे ते नाव आधीच्या कोणत्याही फाइलीशी जुळणार नाही.

मजकूर शोधता येईल अशी पीडीएफ करण्यासाठी 'ओसीआर' लागते. ओसीआर म्हणजे चित्रातील अक्षराकृती ओळखून त्यांचे मजकुरात रूपांतर करणे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ पासून घडलेला आणि २००५ मध्ये मुक्त झालेला 'टेसरॅक्ट' हा प्रोग्राम हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा ओळखतो, तर 'ओसीआरमायपीडीएफ' हा त्याचा जोडीदार ओळखलेला मजकूर मूळ पानाच्या चित्रामागे अदृश्य थराच्या रूपाने बसवतो. लिपी एक असली तरी दोन्ही भाषांचे शब्दसाठे निराळे असतात आणि मराठीतला 'ळ' हिंदीच्या गद्यात क्वचितच येतो. त्यामुळे मराठी कागद हिंदी समजून वाचला तर चुका वाढण्याची शक्यता राहते. पांढुर्ण्याचे जुने विक्रीपत्र हिंदी याचिकेला जोडायचे असेल तर मेन्यूत 'ओसीआर हिंदी', 'ओसीआर मराठी' आणि 'ओसीआर तिन्ही भाषा' असे तीन पर्याय ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. कोणता कागद कोणत्या भाषेतला हे मुन्शीला एका नजरेत कळते. ते यंत्राला ओळखायला लावण्याचा अट्टहास कशाला?

मध्य प्रदेशातील कचेऱ्यांची आणखी एक अडचण कृतिदेव या फॉन्टची आहे. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळांची सवय असलेल्या टंककांसाठी तो सोयीचा होता, पण त्यातील मजकूर वस्तुतः रोमन अक्षरांतच साठवलेला असतो आणि त्याला देवनागरीचे रूप फक्त फॉन्ट देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांत दिसतो. राज्याच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदी टंकलेखन आता युनिकोडमध्ये होते, तरीही जुन्या नमुन्यांचे ढीग कृतिदेवमध्येच आहेत. त्यांचे रूपांतर करणारी स्क्रिप्ट मेन्यूत बसवता येते, मात्र ती केवळ अक्षराला अक्षर बदलणारी असून भागत नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचे याच्या नेमके उलट आहे, आणि त्याच परिच्छेदात एखादे इंग्रजी नाव किंवा कलमाचा उल्लेख असेल तर स्क्रिप्ट त्याचीही देवनागरी खिचडी करून टाकते. म्हणून प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट तपासून फक्त कृतिदेवमधील भागच बदलणारी स्क्रिप्ट वापरावी, आणि मूळ फाइल तिने कधीही पुसू नये.

वकिलांच्या खासगी कचेऱ्यांत बहुधा विंडोज असते आणि तेथली रीत वेगळी आहे. विंडोज आपल्या सर्व मांडणीची नोंद 'रजिस्ट्री' नावाच्या कोठारात ठेवते, ज्यात फोल्डरांसारख्या एकात एक बसलेल्या नोंदी असतात आणि त्यांना 'की' म्हणतात. फक्त चालू वापरकर्त्यापुरता बदल करायचा असेल तर 'करंट यूजर' या विभागातील 'सॉफ्टवेअर' आणि त्यातील 'क्लासेस' येथे तो करावा, म्हणजे प्रशासकाची परवानगी लागत नाही आणि चूक झाली तर ती एकाच खात्यापुरती राहते. तेथे तारांकन या चिन्हाच्या नावाची नोंद सर्व फाइलींसाठी असते, 'डिरेक्टरी' ही फोल्डरांसाठी, तिच्यातील 'बॅकग्राउंड' ही फोल्डरच्या मोकळ्या जागेसाठी, तर 'सिस्टिम फाइल असोसिएशन्स' या नोंदीखाली पीडीएफसारख्या एकाच प्रकारच्या फाइलींसाठी पर्याय देता येतो. या नोंदीत 'शेल' नावाची की, तिच्यात आपल्या पर्यायाची की आणि तिच्यात 'कमांड' नावाची की अशी तीन पायऱ्यांची रचना करायची. शेवटच्या पायरीत कोणता प्रोग्राम चालवायचा ते लिहायचे आणि फाइलीच्या पत्त्याच्या जागी टक्क्याचे चिन्ह व एकचा अंक अवतरणचिन्हांत घालायचा. अवतरणचिन्हे विसरली तर 'शपथपत्र अंतिम' अशा मध्ये मोकळी जागा असलेल्या नावाचे दोन तुकडे होतात आणि प्रोग्राम फाइल सापडत नाही अशी तक्रार करतो. 'एक्स्टेंडेड' नावाचे रिकामे मूल्य जोडल्यास तो पर्याय फक्त शिफ्ट कळ दाबून क्लिक केल्यावर दिसतो. क्वचित लागणाऱ्या किंवा जोखमीच्या कृतींसाठी ही सोय फार मोलाची आहे.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्यावी लागते. दहा फाइली निवडून असा पर्याय दाबला तर तो प्रोग्राम दहा वेळा, प्रत्येक फाइलीसाठी वेगळा चालतो, आणि निवड पंधरापेक्षा अधिक फाइलींची असेल तर 'उघडा' आणि 'छापा' यांसारखे पर्यायही मेन्यूतून गायब होतात. पीडीएफ जोडण्यास ही रीत म्हणूनच निरुपयोगी ठरते. त्यासाठी 'सेंड टू' या जुन्या, साध्या आणि दुर्लक्षित पर्यायाचा आधार घ्यावा, कारण तो निवडलेल्या सर्व फाइली एकाच वेळी एकाच प्रोग्रामकडे सोपवतो. विंडोजच्या रन खिडकीत 'शेल' हा शब्द, विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह आणि 'सेंडटू' असे जोडून रोमनमध्ये लिहिले की त्याचा फोल्डर उघडतो आणि त्यात स्क्रिप्टचा शॉर्टकट ठेवता येतो. तेथेही फाइलींचा क्रम भरवशाचा नसतो, कारण ज्या फाइलीवर कळ दाबली ती सहसा प्रथम जाते. स्क्रिप्टने नावानुसार क्रम लावावा आणि अनुलग्नकांना ०१, ०२, १० असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. नाहीतर दहावे अनुलग्नक दुसऱ्याच्या आधी येऊन बसते.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने नवा, आखूड मेन्यू आणला आणि रजिस्ट्रीतून घातलेले पर्याय 'अधिक पर्याय दाखवा' यामागे ढकलले. यादी आखूड करण्याचा हेतू योग्यच होता, पण वापरकर्त्याने स्वतः घातलेला पर्याय एक क्लिक लांब नेणे हे त्या हेतूशी विसंगत आहे. शिफ्ट दाबून उजवी कळ दाबली की जुना मेन्यू थेट मिळतो, आणि रजिस्ट्रीत एक रिकामी नोंद करून तो कायमचाही परत आणता येतो.

घालण्याइतकेच काढणे महत्त्वाचे आहे. इतर प्रोग्रामांनी घुसवलेले अनेक पर्याय साध्या नोंदी नसतात. उजवी कळ दाबताच त्या प्रोग्रामाचा एक भाग विंडोज एक्सप्लोररच्या, म्हणजे विंडोजमध्ये फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, आत चढवला जातो आणि तो आपला पर्याय दाखवायचा की नाही ते ठरवतो. त्यातला एखादा भाग बंद पडलेल्या जाळ्यावरील फोल्डरची वाट पाहू लागला की मेन्यू उघडण्यास उशीर होतो, आणि सदोष असला तर एक्सप्लोररच कोसळतो. कळ दाबल्यावर मेन्यू रेंगाळत असेल तर नवा संगणक घेण्याआधी नीर सोफर यांचा 'शेलएक्सव्ह्यू' हा मोफत प्रोग्राम वापरून पाहावा. तो असे सर्व भाग त्यांच्या निर्मात्याच्या नावासह दाखवतो आणि ते न पुसता एकेक करून निष्क्रिय करू देतो. मायक्रोसॉफ्टचे भाग तसेच ठेवून बाकीचे एकदम बंद करावेत आणि मग थोडे थोडे परत सुरू करावेत, म्हणजे दोषी कोणता ते लवकर सापडते.

या सगळ्यामागे सोयीहून मोठा असा एक मुद्दा वकिलीच्या व्यवसायात आहे. पीडीएफ जोडणे, लहान करणे किंवा फॉन्ट बदलणे यांसाठी संकेतस्थळे फुकट सेवा देतात आणि घाईत असलेली कचेरी तीच वापरते; पण त्या क्षणी पक्षकाराचा कागद कचेरीबाहेरच्या, कोणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक नसलेल्या संगणकावर पोहोचतो. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी गुप्त ठेवण्याचे बंधन १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि त्याआधी ते १८७२ च्या कायद्यातील कलम १२६ मध्ये होते. राइट क्लिकच्या मेन्यूत बसवलेली स्क्रिप्ट तेच काम कचेरीच्या भिंतींच्या आत करते. अर्थात अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली स्क्रिप्ट किंवा रजिस्ट्रीत नोंदी भरणारी तयार फाइल हीसुद्धा तितकीच घातक ठरू शकते, कारण ती वापरकर्त्याच्या सर्व अधिकारांनिशी चालते. अशी फाइल दोनदा क्लिक करण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून वाचावी, रजिस्ट्रीतील संबंधित भाग निर्यात करून जपून ठेवावा, आणि प्रयोग खऱ्या प्रकरणाच्या फोल्डरवर करू नयेत.

पर्यायांची नावे देवनागरीत देता येतात आणि द्यावीतही. मात्र नॉटिलस स्क्रिप्ट्स नावाच्या क्रमाने मांडत असल्याने नावाच्या सुरुवातीला अंक घातल्यास रोजचे पर्याय वर ठेवता येतात. ज्यांची दोन्ही हात कळफलकावर ठेवून काम करण्याची सवय आहे अशा टंककांना माउसकडे जाण्याचीही गरज नाही, कारण शिफ्ट आणि एफ१० या दोन कळांनी किंवा अनेक कळफलकांवर उजव्या कंट्रोलजवळ असलेल्या मेन्यू-कळीने तीच यादी उघडते. विंडोजमध्ये पर्यायाच्या नावातील एखाद्या अक्षरापूर्वी अँपरसँडचे चिन्ह लिहिले की ते अक्षर त्या पर्यायाची कळ बनते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने काम करणाऱ्या दृष्टिहीन वकिलाला हा मेन्यू वरून खाली एकेक ओळ ऐकावा लागतो, आणि तीस ओळींचा मेन्यू आठ ओळींवर आणला तर त्याच्या कामाचा वेग लगेच वाढतो.